सर्पगंधेची सहा पानं

१९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’ या नियतकालिकात सहा पानांचा एक लेख छापून आला. लेखकाचं नाव रुस्तम जाल वकील. वय अडतीस, शिक्षण लंडनचं, काम मुंबईत. परळच्या केईएम रुग्णालयातले हे तरुण पारशी डॉक्टर त्या लेखात सांगत होते, की वाढलेल्या रक्तदाबाच्या पन्नास रुग्णांना आपण सर्पगंधेच्या मुळीच्या गोळ्या दिल्या, त्यांचे आकडे मांडून ठेवले आणि बहुतेकांचा रक्तदाब खाली आला. भाषा कोरडी, सोबत तक्ते. लेखात ना कुठे मोठा दावा आहे, ना आयुर्वेदाची आरती. तरीही विसाव्या शतकात रक्तदाबाच्या उपचारांना जे वळण मिळालं त्यातला एक मोठा वाटा या सहा पानांचा आहे, असं मला ठामपणे वाटतं. आपल्याकडे मात्र वकिलांचं नाव आज हृदयरोगतज्ज्ञांच्या वर्तुळाबाहेर फारसं कुणी घेत नाही.

त्या पानांचं मोल कळायचं, तर त्याआधीची वीस वर्षं पाहावी लागतात.

रक्तदाब मोजता येत होता. इटलीतल्या तुरिनमध्ये शिपिओने रिवा-रोच्ची यांनी १८९६ साली दंडाला बांधायची हवेची पट्टी आणि पाऱ्याची नळी यांचं यंत्र केलं होतं. त्यावर फक्त वरचा आकडा कळायचा. खालच्या आकड्यासाठी १९०५ साल उजाडावं लागलं. निकोलाय कोरोत्कोव हा रशियन सैन्याचा शल्यचिकित्सक. रशिया-जपान युद्धातल्या जखमींच्या फाटलेल्या रोहिण्या तपासताना तो त्यांवर स्टेथोस्कोप ठेवून ऐकायचा. सेंट पीटर्सबर्गला परतल्यावर त्यानं सांगितलं, की दंडावरची पट्टी आवळून हळूहळू सैल केली की कोपराच्या खोबणीत ठोके ऐकू येऊ लागतात, ती वरची पातळी, आणि ते विरून जातात ती खालची. त्याचं निवेदन एका छापील पानाइतकंही नव्हतं. आज गावच्या आरोग्य केंद्रात नर्सताई पट्टी बांधून कानाला स्टेथोस्कोप लावते, तेव्हा ती जे ऐकते ते हेच आवाज.

आकडा हाती आला, पण त्याचं करायचं काय हे ठरेना. किंबहुना काही करूच नये, असं त्या काळच्या अनेक नामांकित डॉक्टरांचं मत होतं. विचार असा, की वयानुसार रोहिण्या कडक आणि अरुंद होतात, मग मूत्रपिंडापर्यंत, मेंदूपर्यंत रक्त पोहोचवायला शरीर आपणहून जोर वाढवतं. तो जोर कमी केलात तर अवयव उपाशी राहतील. लिव्हरपूलचे प्राध्यापक जॉन हे यांनी १९३१ साली तर इथवर म्हटलं होतं, की रक्तदाब वाढलेला आहे हे कुणाला कळणं हाच रुग्णाला मोठा धोका, कारण मग कुणीतरी मूर्ख तो उतरवायला निघणार. ‘वय अधिक शंभर’ हा वरच्या आकड्याचा हिशेब आपल्याकडेही कितीतरी वर्षं डॉक्टर आणि रुग्ण दोघांच्या तोंडी होता. सत्तरीच्या आजोबांचा १७० आला तर म्हणायचे, वयाला साजेसाच आहे की!

गांधीजींच्या प्रकृतीच्या जुन्या नोंदी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं २०१९ मध्ये प्रसिद्ध केल्या. त्यांत २६ ऑक्टोबर १९३७ या दिवशी त्यांचा रक्तदाब १९४/१३० होता. १९ फेब्रुवारी १९४० ला तो २२०/११० होता. आज असा आकडा दिसला तर घरचे लोक रुग्णाला उचलून थेट रुग्णालयात नेतील. गांधीजींभोवती डॉक्टरांची कमतरता नव्हती. जीवराज मेहता, मंचरशा गिल्डर, पुढे सुशीला नायर, सगळे मोठ्या योग्यतेचे. पण सल्ला देऊन देणार काय, तर विश्रांतीचा. डिसेंबर १९३७ मध्ये त्यांना समुद्राकाठी जुहूला आणून ठेवलं. मौन, मोजका आहार आणि गांधीजींची स्वतःची आवडती मातीची पट्टी, एवढीच सामग्री होती. कदाचित त्या मौनानं आणि समुद्राच्या वाऱ्यानं थोडा उतार पडतही असेल. पण ज्याच्या खांद्यावर देश आहे त्याला विश्रांती किती दिवस मिळणार?

दुसरा माणूस वॉशिंग्टनला होता, आणि त्याची कहाणी जास्त दुःखाची आहे. फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा रक्तदाब १९३७ मध्ये १६२/९८ होता, १९४१ च्या फेब्रुवारीत १८८/१०५. त्यांचे खासगी डॉक्टर रॉस मॅकिन्टायर नौदलाचे ॲडमिरल आणि मूळचे कान-नाक-घशाचे तज्ज्ञ. राष्ट्राध्यक्षांना सायनसचा त्रास होता, म्हणून तशी निवड झालेली. मॅकिन्टायर वर्षानुवर्षं पत्रकारांना सांगत राहिले, की प्रकृती उत्तम आहे. १९४४ च्या मार्चमध्ये रूझवेल्ट थकलेले, धाप लागलेले, ओठ निळसर झालेले दिसू लागले. मुलगी ॲना हिनं आग्रह धरला, तेव्हा कुठे बेथेस्डाच्या नौदल रुग्णालयात हॉवर्ड ब्रुएन या तरुण हृदयरोगतज्ज्ञानं त्यांना तपासलं. १८६/१०८. हृदय वाढलेलं, फुप्फुसात पाणी साचू लागलेलं. ब्रुएन यांना धक्का बसला. आजार आजचा नव्हता, वर्षांचा होता.

त्यांनी डिजिटॅलिस सुरू केलं, मीठ तोडलं, सिगारेटी कमी करायला लावल्या, दुपारी पडून राहायला सांगितलं. हृदयाला थोडा आराम मिळाला. रक्तदाब मात्र चढतच राहिला, कारण तो उतरवणारं औषधच ब्रुएन यांच्याकडे नव्हतं. रूझवेल्ट यांनी आपल्याला काय झालंय हे कधी विचारलं नाही, आणि त्यांना ते सांगू नये अशी ब्रुएन यांना ताकीद होती. त्याच स्थितीत ते चौथ्यांदा निवडणूक लढले, जिंकले आणि फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टाला जाऊन स्टालिन आणि चर्चिल यांच्यासोबत युद्धानंतरच्या युरोपाच्या वाटणीला बसले. चर्चिल यांचे डॉक्टर लॉर्ड मोरन यांनी त्यांना तिथे पाहूनच ओळखलं होतं, की या माणसाकडे आता काही महिनेच आहेत. १२ एप्रिलला जॉर्जियातल्या वॉर्म स्प्रिंग्जला चित्रकार त्यांचं चित्र काढत असताना त्यांनी डोकं प्रचंड दुखत असल्याचं सांगितलं आणि ते कोसळले. मेंदूत रक्तस्राव. पाऱ्यावर वरचा आकडा ३०० च्याही पुढे, खालचा १९०. वय ६३. जगाला सांगितलं गेलं, की हे अकस्मात घडलं. खरे आकडे ब्रुएन यांनी प्रसिद्ध केले ते १९७० साली, पंचवीस वर्षांनी.

अकस्मात काहीच नव्हतं. आठ वर्षं पारा एकेक पायरी वर चढत होता आणि तपासणारे त्याच्याकडे पाहत होते. रक्तदाबाच्या साऱ्या इतिहासात मला सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट ही वाटते, की आजार अदृश्य होता म्हणून नव्हे, तर दिसूनही त्याला आजार मानलं नाही म्हणून माणसं गेली.

ज्यांना काही करायचं होतं त्यांचे उपाय भयंकर होते. बॉस्टनचे शल्यचिकित्सक रेजिनल्ड स्मिथविक पाठीच्या कण्यालगतच्या सिम्पथेटिक नसा दोन्ही बाजूंनी कापायचे. ऑपरेशन मोठं, आणि त्यातून उठलेला रुग्ण उभा राहिला की घेरी येऊन पडायचा. ड्यूक विद्यापीठात वॉल्टर केम्प्नर रुग्णांना महिनोन्‌महिने नुसता भात, फळं आणि साखर यांवर ठेवायचे. मिठाचा कणही नाही. त्यानं खरोखर उतार पडायचा, पण तो आहार निभावणारे थोडे. १९५३ च्या मार्चमध्ये स्टालिनला पक्षाघाताचा झटका आला, तेव्हा त्याचा रक्तदाब १९०/११० होता, आणि सोव्हिएत संघाच्या निवडक डॉक्टरांनी त्याच्या मानेवर जळवा लावल्या.

आता मुळीकडे येऊ. सर्पगंधा हे गुडघ्याएवढं झुडूप. पानं तीन-चारच्या झुबक्यांत, फुलं पांढरी आणि देठ लालसर, फळं पिकली की काळी. हिमालयाच्या पायथ्यापासून बिहार-बंगालपर्यंत आणि इकडे कोकणासह सह्याद्रीच्या ओल्या जंगलांत ते उगवतं. कामाची त्याची मुळी, चवीला अतिशय कडू. साप चावल्यावर ती देत, निद्रानाशावर देत, आणि बिहारमध्ये तर वेड लागलेल्यांना शांत करणारी म्हणून ती ‘पागल की दवा’ याच नावानं विकली जायची. या मुळीत खरंच काय आहे, ते शोधायचं काम हकीम अजमल खान यांच्या दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सुरू झालं. सलीमुझ्झमान सिद्दीकी हे जर्मनीहून शिकून आलेले रसायनशास्त्रज्ञ. त्यांनी रफत हुसैन सिद्दीकी यांच्यासह १९३१ साली मुळीतून पाच शुद्ध द्रव्यं वेगळी काढली आणि दिवंगत हकीमसाहेबांच्या स्मरणार्थ एकाला ‘अजमलीन’ असं नाव दिलं. त्याच वर्षी कलकत्त्यात कविराज गणनाथ सेन आणि डॉ. कार्तिकचंद्र बोस यांनी छापून सांगितलं, की ही मुळी वेडावर आणि वाढलेल्या रक्तदाबावरही चालते. पाठोपाठ रामनाथ चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कलकत्त्याच्या ‘स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिन’मध्ये प्राण्यांवर तिचे परिणाम तपासले. देहरादूनला सुरू झालेल्या हिमालया ड्रग कंपनीनं १९३४ मध्ये ‘सर्पिना’ नावाच्या गोळ्या बाजारात आणल्या. थोडक्यात, रूझवेल्ट यांच्या डॉक्टरांना हात चोळत बसावं लागलं, त्याच्या दहा वर्षं आधीपासून कलकत्ता-मुंबईच्या औषधांच्या दुकानांत रक्तदाबावरची ही गोळी मिळत होती.

मग जगाला ते कळलं का नाही? परदेशी लोकांनी भारतीय नियतकालिकं वाचली नाहीत हे एक कारण, आणि त्यात साम्राज्याची मग्रुरी होतीच. पण तेवढंच म्हणून थांबणं मला प्रामाणिक वाटत नाही. गोळी गुणकारी आहे असं सांगणारे पुष्कळ होते. किती रुग्णांना, किती प्रमाणात, किती दिवस दिली, आधी आकडा किती आणि नंतर किती, हे एकाच पद्धतीनं मांडलेलं मात्र फार थोडं होतं. रक्तदाब हा आकडा मोठा लहरी. दवाखान्याची पायरी चढताना तो वाढतो, डॉक्टरांशी ओळख झाली की आपोआप उतरतो. एकदा मोजून निदान केलं आणि पुढल्या भेटीत उतार दिसला, तर ते श्रेय औषधाचं की ओळखीचं, हे सांगता येत नाही. पुन्हापुन्हा मोजल्याशिवाय ना आजार सिद्ध होतो, ना औषध.

वकिलांनी हे ओळखलं. त्यांनी एकाच प्रकारच्या आजाराचे पन्नास रुग्ण निवडले, म्हणजे ज्यांच्या रक्तदाबामागे मूत्रपिंडाचा वा दुसरा कोणता दोष सापडत नव्हता असे, आणि त्यांना तयार गोळी दिली. मग काय दिसलं? उतार एकदम पडत नाही, तो हळूहळू येतो. गोळ्या थांबवल्या तरी परिणाम लगेच जात नाही, काही आठवडे रेंगाळतो. वकिलांची ही निरीक्षणं किती नेमकी होती ते पुढे मुळीचं रसायन उलगडल्यावर कळलं. लेख लंडनच्या नियतकालिकात छापला गेल्यानं तो वाचलाही गेला.

वाचणाऱ्यांपैकी एक होते बॉस्टनचे रॉबर्ट विल्किन्स. त्यांनी भारतातून मुळीचं औषध मागवून आपल्या रुग्णांना दिलं आणि १९५२ मध्ये सहकाऱ्यांसमोर अनुभव मांडला: रक्तदाब उतरतो, नाडी मंदावते, आणि रुग्ण सांगतात की आताशा कसली काळजीच वाटत नाही. त्याच वर्षी स्वित्झर्लंडच्या बाझेलमध्ये सिबा कंपनीत योहानेस म्युलर, एमिल श्लिटलर आणि ह्यूगो बाइन यांनी मुळीतलं खरं सक्रिय द्रव्य वेगळं काढलं. ते सिद्दीकींच्या पाच द्रव्यांत नव्हतं. ती पाच सहज स्फटिक होणारी होती. हे सहावं उरलेल्या तेलकट, राळेसारख्या गाळात दडलं होतं, आणि तो गाळ आधीच्या अभ्यासकांनी बाजूला ठेवला होता. नाव ठेवलं रेसर्पिन. ‘सर्पासिल’ या नावानं ते १९५३ मध्ये बाजारात आलं. मुळी ग्रॅमच्या हिशेबानं लागायची, याचा मिलिग्रॅमचा चौथा हिस्सा पुरायचा.

ते काम कसं करतं हे उलगडायला आणखी काही वर्षं गेली. नसांच्या टोकांशी नॉरॲड्रिनलिनचं कोठार असतं. मेंदूकडून हुकूम आला की त्यातला माल बाहेर पडतो आणि रोहिण्या आवळल्या जातात. रेसर्पिन या कोठाराचं दारच बंद करतं, आत नवा माल भरू देत नाही. जुना साठा संपायला दिवस लागतात, म्हणून उतार सावकाश पडतो, आणि कोठार पुन्हा भरायला आठवडे लागतात, म्हणून गोळी थांबली तरी परिणाम राहतो. पन्नास रुग्णांच्या तक्त्यांतून मुंबईत दिसलेलं सगळं असं पेशीच्या पातळीवर जुळलं.

पुढची चार-पाच वर्षं सर्पगंधेची लाट होती. अहमदाबादच्या एका डॉक्टरांनी मनोरुग्णांवर केलेल्या कामाची बातमी न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रात वाचून नेथन क्लाइन यांनी तिथल्या मनोरुग्णालयात हे औषध वापरलं, आणि वर्षानुवर्षं बांधून ठेवलेली माणसं शांत झाली. १९५७ चा लास्कर पुरस्कार क्लाइन आणि इतर मनोविकारतज्ज्ञांबरोबर वकिलांनाही मिळाला. पुढल्याच वर्षी भारत सरकारनं त्यांना पद्मभूषण दिलं. त्याच काळात भारतातल्या जंगलांतून मुळी अशी उपसली गेली, की सरकारला निर्यातीवर निर्बंध घालावे लागले आणि कंपन्या आफ्रिकेतल्या तिच्या बहिणीकडे वळल्या. हार्वर्डच्या रॉबर्ट वुडवर्ड यांनी १९५६ मध्ये रेसर्पिन प्रयोगशाळेत घडवून दाखवलं, पण मुळीतून काढणं स्वस्तच पडत राहिलं.

औषधाला काळी बाजूही होती. नाक चोंदायचं, जुलाब व्हायचे, आणि जास्त मात्रेत काही रुग्ण खोल उदासीत जायचे. आत्महत्याही घडल्या. कारण तेच कोठार. ते मेंदूतही असतं आणि तिथेही रितं होतं. स्वीडनच्या आर्व्हिड कार्लसन यांनी सशांना रेसर्पिन देऊन निश्चल केलं आणि मग एल-डोपा देऊन पुन्हा हिंडतं केलं. त्यातून पार्किन्सनच्या उपचारांची वाट निघाली आणि २००० साली नोबेल आलं. काळजी वाटेनाशी होते असं बॉस्टनचे रुग्ण सांगत होते, तेव्हाच त्या सुखाची किंमतही कुणाकुणाच्या खाती जमा होत होती, हे तेव्हा पुरेशा गांभीर्यानं पाहिलं गेलं नाही. तो दोष मुळीचा नव्हता. भराभर आणि भरमसाट देणाऱ्यांचा होता.

आणि इतकं सगळं होऊनही मूळ प्रश्न शिल्लकच होता. रक्तदाब उतरवता येतो हे दिसलं, पण उतरवल्यानं माणूस वाचतो का? १९६० च्या दशकातही या प्रश्नावर मोठमोठे डॉक्टर मान हलवायचे. फ्रेमिंगहॅम गावातल्या ५,२०९ रहिवाशांवर १९४८ पासून चाललेली पाहणी सांगत होती, की ज्यांचा रक्तदाब चढा त्यांना हृदयविकार आणि पक्षाघात जास्त. पण औषधानं तो धोका टळतो, हा पुरावा नव्हता.

तो वॉशिंग्टनच्या एडवर्ड फ्रीस यांनी दिला. माजी सैनिकांच्या रुग्णालयांमधून त्यांनी खालचा आकडा ११५ ते १२९ असलेले १४३ पुरुष निवडले. निवडीचे निकष कडक. एकदा मोजून कुणालाही घेतलं नाही. रुग्णालयात दाखल करून काही दिवस मोजत राहिले आणि आपोआप उतरणाऱ्यांना वगळलं. जे गोळ्या नियमित घेणार नाहीत त्यांनाही आधीच वेगळं काढलं. त्यासाठी बनावट गोळीत रायबोफ्लेविन मिसळलं होतं, म्हणजे लघवी तपासली की गोळी पोटात गेली का फेकली हे उमगे. उरलेल्यांपैकी ७३ जणांना औषध, ७० जणांना नुसती दिसायला तशीच गोळी. औषध तिहेरी होतं: हायड्रोक्लोरोथायझाइड, हायड्रॅलझीन आणि सर्पगंधेतून आलेलं रेसर्पिन.

चाचणी ठरल्यापेक्षा आधी थांबवावी लागली. नुसत्या गोळीच्या गटात गंभीर घटना २७, त्यांत चार मृत्यू. औषधाच्या गटात घटना दोन, मृत्यू एकही नाही. डिसेंबर १९६७ मध्ये हे छापून आलं आणि जॉन हे यांच्या पिढीचा युक्तिवाद त्या दिवशी संपला. तीन वर्षांनी खालचा आकडा ९० ते ११४ असलेल्या ३८० जणांवरही तेच दिसलं. तेही त्याच तीन औषधांनी. घरोघरी, गावोगावी रक्तदाब मोजण्याच्या मोहिमा अमेरिकेत १९७२ पासून निघाल्या, त्या या आधारावर. मोजून काही उपयोग आहे हे आता माहीत होतं.

रेसर्पिनचे दिवस मात्र भरत आले. बीटा ब्लॉकर, मग कॅप्टोप्रिल, मग ॲम्लोडिपिन अशी उदासी न आणणारी औषधं आली. १९७४ मध्ये रेसर्पिनमुळे स्तनांचा कर्करोग होतो अशी शंका काही अभ्यासांनी उपस्थित केली. पुढच्या अभ्यासांत ती टिकली नाही, पण डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून नाव गेलं ते गेलंच. त्याच वर्षी रुस्तम वकीलही गेले. तोवर भटनागर पुरस्कारही त्यांच्या नावावर होता.

तरी एक काम त्या औषधानं आणखी केलं. ‘वय अधिक शंभर’ हा हिशेब तोवर जिवंत होता. म्हाताऱ्या माणसाचा वरचा आकडाच तेवढा चढा असेल तर हात लावू नये, असं मानलं जायचं. अमेरिकेत साठीच्या पुढच्या ४,७३६ जणांवर ‘शेप’ नावाची चाचणी झाली. सगळ्यांचा वरचा आकडा १६० किंवा जास्त, खालचा ९० च्या आत. अर्ध्यांना आधी क्लोरथॅलिडोन, ते पुरलं नाही तर ॲटेनोलॉल, आणि ज्यांना ॲटेनोलॉल चालत नाही त्यांना अगदी अल्प मात्रेत रेसर्पिन. १९९१ मध्ये निकाल आला: औषध घेणाऱ्यांत पक्षाघात ३६ टक्क्यांनी कमी झाले होते.